मेटासरफेस होलोग्राम धूसर येतोय? नवी प्लेट छापायला टाकण्याआधी हे तपासा

मेटासरफेस होलोग्राम म्हणजे बारीक नक्षीच्या सेलनी मायक्रोवेव्ह लहर वळवून पुढे हवेत ठरलेलं चित्र उमटवणारी सपाट प्लेट. सिम्युलेशनमध्ये अक्षर लख्ख, स्कॅनमध्ये नुसता ढग. ही तक्रार माझ्याकडे दर सेमिस्टरला येते, बहुधा प्रोजेक्ट सादर करायच्या आदल्या आठवड्यात. सोबत ठरलेला प्रश्न असतो: "सर, प्लेट परत छापायला टाकू का?" थांबा. प्लेट दोषी निघतेही, पण क्वचित. बहुतेकदा गडबड प्लेटच्या बाहेर असते: हॉर्न (लहर सोडणारा अँटेना) किती लांब ठेवलाय, प्रोब (ती टिपणारा) कसा धरलाय, केबल कुठे वाकलीय.

बोलणं सोपं जावं म्हणून एक नेहमीचा सेटअप धरतो. वारंवारता १० गिगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी ३० मिमी. आरपार लहर जाऊ देणारी ३०० बाय ३०० मिमीची प्लेट, १० मिमीचा एक सेल, एकूण ९०० सेल. गेर्शबर्ग-सॅक्स्टन पद्धतीने (हव्या त्या चित्रावरून उलटा हिशेब करणारा अल्गोरिदम) प्रत्येक सेलची फेज, म्हणजे लहर तिथे किती पुढेमागे करायची ते, काढलेली, आणि प्लेटपासून ४०० मिमीवर साधारण २०० मिमी उंचीचा 'क' दिसायला हवा. मागे हॉर्न, पुढे एक्स-वाय स्कॅनरवर उघड्या तोंडाचा वेव्हगाइड प्रोब म्हणून, दोन्ही व्हीएनएला, म्हणजे सिग्नलची ताकद आणि फेज मोजणाऱ्या उपकरणाला, जोडलेले. एक आकडा डोक्यात ठेवा: इथे १ मिमी रस्ता म्हणजे १२ अंश फेज.

लक्षणं

- मधोमध मोठा उजळ डाग, अक्षर त्याच्याभोवती अंधूक.
- अक्षर ओळखू येतं पण कडा विरलेल्या, किंवा ते स्कॅनच्या चौकटीत मावत नाही.
- अक्षर आरशातल्यासारखं उलटं, किंवा एका बाजूला सरकलेलं.
- चित्रावर समांतर पट्टे.
- अक्षराचा पत्ताच नाही, सगळीकडे दाणेदार धुकं.
- सकाळी एक चित्र, दुपारी दुसरं.

यातलं तुमचं कोणतं ते वहीत लिहा, स्कॅनचा फोटो जपून ठेवा, आणि मगच हात लावा. दोन-तीन लक्षणं एकत्र असू शकतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळणार नाही.

खुर्चीत बसून: हे अक्षर उमटणं शक्य तरी आहे का?

तरंगलांबी गुणिले चित्राचं अंतर, भागिले प्लेटची रुंदी. आपल्या सेटअपमध्ये ३० गुणिले ४०० भागिले ३००, म्हणजे ४० मिमी. याहून बारीक तपशील ही प्लेट त्या अंतरावर उमटवू शकत नाही, मग अल्गोरिदम कितीही वेळा फिरवा. 'क'ची रेघ २० मिमी जाडीची काढली असेल तर ती विरणारच, आणि त्यात कुणाचाच दोष नाही. सिम्युलेशनमध्ये ती दिसली असेल तर प्रोग्रॅममध्ये प्लेटची कड नीट कापली आहे का ते बघा. पुष्कळदा गणित न संपणाऱ्या प्लेटचं झालेलं असतं. उपाय दोनच: अक्षर जाड आणि मोठं करा, किंवा चित्र जवळ आणा.

उलटं अक्षर हा त्याहून सोपा मामला. गर्बर फाइल (प्लेट छापायला पाठवायचा आराखडा) वरून पाहिल्यासारखी होती की खालून, स्कॅनरचा एक्स अक्ष डावीकडून मोजला की उजवीकडून, एवढंच असतं. म्हणून चाचणीला 'क', 'ग' अशी अक्षरं घ्यावीत. 'H' किंवा '०' घेतलंत तर उलटं-सुलटं कळायचंच नाही आणि ती चूक पुढच्या प्लेटमध्ये गुपचूप उतरेल.

८ मिमीचा पाना आणि केबल

केबलच्या टोकाचा एसएमए कनेक्टर हाताने घट्ट लागत नाही. व्हीएनएवर एस-२१ ची (हॉर्नकडून प्रोबपर्यंत पोचलेल्या सिग्नलची) फेज लावा, प्रोब एका जागी उभा ठेवा आणि केबल ज्या वाटेने स्कॅनरबरोबर फिरते तशी हाताने हळूच हलवा. फेज दोन-चार अंश हलली तर चालेल. वीस-तीस अंशांनी उडत असेल, किंवा मॅग्निट्यूडही (सिग्नलची ताकद) सोबत नाचत असेल, तर कनेक्टर ढिला आहे किंवा केबलचा गळा गेलाय. शक्य असेल तर टॉर्कचा पाना वापरा. साध्या पान्याने अंगातलं सगळं बळ लावून पिळलेले कनेक्टर मी ढिल्यांपेक्षा जास्त पाहिलेत.

'सकाळी एक, दुपारी दुसरं' याचं उत्तर इथेच मिळतं. ५ मिमीच्या पावलाने ३०० बाय ३०० मिमी स्कॅन म्हणजे ६१ गुणिले ६१, ३७२१ बिंदू. बिंदूला एक सेकंद धरला तरी तास लागतो, आणि तासाभरात खोलीचं तापमान बदलतं. टेफ्लॉन भरलेल्या केबलची एक खोड आहे: १९-२० अंश सेल्सिअसच्या आसपास टेफ्लॉनची रचना बदलते आणि केबलची फेज तिथे एकदम सरकते. लॅबचा एसी नेमका २० वर लावलेला असतो! तो २४-२५ वर ठेवा, उपकरणं अर्धा-पाऊण तास तापू द्या, आणि दर ओळीच्या शेवटी प्रोब एका ठरावीक बिंदूवर परत आणून फेज नोंदवा. सरक किती झाली ते कळतं आणि वजाही करता येते.

खरं तर हळूहळू सरकणाऱ्या फेजने एकाच पातळीवरचं मॅग्निट्यूडचं चित्र बिघडत नाही. पण पुढे याच फेजवर सगळं निदान अवलंबून आहे, म्हणून ती आधीच ताळ्यावर आणायची.

टेप घ्या: हॉर्न किती लांब आहे?

माझ्याकडे येणाऱ्या ढगांपैकी सर्वांत मोठा वाटा या एका कारणाचा. डिझाइन करताना धरलेलं असतं की प्लेटवर सपाट लहर येते. प्रत्यक्षात हॉर्न टेबलावर मीटरभर मागे असतो, कारण टेबल तेवढंच लांब आहे. हॉर्नमधून लहर गोलाकार पसरत येते. प्लेटच्या मध्याला ती १००० मिमी चालून पोचते, बाजूच्या मध्याला १०११ मिमी. ही ११ मिमी म्हणजे १३४ अंश. कोपऱ्यावर फरक २२ मिमीचा, २६७ अंश. म्हणजे तुम्ही ९०० सेलवर जपून कोरलेल्या फेजवर एक भलतीच फेज ओतली गेली.

गंमत अशी की ही भलतीच फेज वेडीवाकडी नसते. ती तंतोतंत एका अंतर्वक्र भिंगाची असते, म्हणजे होलोग्रामला चुकीच्या नंबरचा चष्मा लागलाय. त्यामुळे चित्र नाहीसं होत नाही, लांब सरकतं. हिशेब शाळेतल्या भिंगाच्या सूत्राचाच. १ भागिले ०.४ मीटर म्हणजे २.५, त्यातून १ भागिले १ मीटर वजा केलं की उरले १.५. त्याचा व्यस्त ०.६७ मीटर. चित्र ४०० मिमीवर नाही, ६७० मिमीच्या आसपास तयार होतंय, आणि तेही १.६७ पट मोठं. २०० मिमीचा 'क' तिथे ३३३ मिमीचा झाला, म्हणून चौकटीतही मावत नाही. 'कडा विरलेल्या, चौकटीबाहेर' हे लक्षण वाचलं की मी पहिला प्रश्न हॉर्नच्या अंतराचा विचारतो. बहुतेक वेळा दुसरा विचारावा लागत नाही.

तपासायला सोपं आहे. स्कॅनर मागे घ्या, ६७० मिमीवर एक भरड स्कॅन मारा, पाऊल १० मिमी चालेल. 'क' दिसला तर प्लेट निर्दोष.

मग पुढे काय? तीन वाटा. हॉर्न ३ मीटरवर न्या: बाजूच्या मध्यावरची चूक ४५ अंशांवर येते, चित्र तरीही ४६० मिमीपर्यंत सरकलेलं राहतं, पण अक्षर ओळखू येतं. किंवा हॉर्न आहे तिथेच ठेवा आणि ६७० मिमीवरचं मोठं चित्र हाच निकाल म्हणून मांडा, कारण हिशेबासकट. तिसरी वाट पुढच्या प्लेटसाठी: डिझाइन करतानाच प्रत्येक सेलचं हॉर्नपासूनचं अंतर मोजून तेवढी फेज भरून काढा. मला ही तिसरी पसंत आहे. हॉर्न जवळ राहतो, सिग्नल ताकदीचा मिळतो आणि लॅबमधली निम्मी जागा मोकळी होते.

हे अंतर हॉर्नच्या तोंडापासून मोजायचं नाही. लहर जिथून निघाल्यासारखी वाटते तो बिंदू, फेज सेंटर, हॉर्नच्या आत असतो. हॉर्नच्या लांबीप्रमाणे काही सेंटिमीटरची तफावत पडते. एवढ्याने ढग होत नाही, चित्र एक-दोन सेंटिमीटर पुढेमागे होतं.

हॉर्न बाजूला सरकलेला असला की चित्रही सरकतं, उलट बाजूला. हॉर्न ५०० मिमीवर असेल आणि २० मिमी डावीकडे सरकला असेल तर ४०० मिमीवरचं चित्र १६ मिमी उजवीकडे जातं. प्लेटच्या मध्यातून दोरा ताणून बघा, लेझर लेव्हल असेल तर उत्तम.

टेप हातात आहेच तर स्टीलची पट्टी प्लेटवर आडवी धरा. मिलिमीटरभर जाडीची प्लेट आपल्याच वजनाने पोटात बाक घेते. आरपार प्लेटला २ मिमी बाक फारसा जाचत नाही. परावर्तक प्लेट असेल तर रस्ता दुप्पट, ४ मिमी, ४८ अंश. मागे थर्माकोलचा जाड तक्ता चिकटवा. थर्माकोल या लहरींना जवळपास हवेसारखाच आहे. प्लायवुड नाही, ते फेज बदलतं आणि लहर शोषतंही.

एक स्कॅन, पण फेजसकट

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर एक पूर्ण स्कॅन घ्या, पण नुसता डीबीमधला नको. एस-२१ चे रिअल आणि इमॅजिनरी, दोन्ही आकडे साठवा. पाऊल कोणत्याही परिस्थितीत १५ मिमीपेक्षा, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, मोठं नको.

एका पातळीवरचं पूर्ण क्षेत्र, मॅग्निट्यूड आणि फेज, हातात असलं की बाकीच्या पातळ्यांवर काय असेल ते संगणक सांगतो. द्विमितीय फूरिये रूपांतर, त्याला अंतराप्रमाणे फेजचा गुणक, आणि उलट रूपांतर. मॅटलॅब किंवा पायथनमध्ये दहा-पंधरा ओळी. अंतर उणे १ मीटरपासून अधिक १ मीटरपर्यंत सरकवत न्या आणि चित्र कुठे टोकदार होतंय ते बघा.

ठरलेल्या ४०० मिमीवर टोकदार झालं? मग स्कॅनरची पातळी चुकली होती. ६७० च्या आसपास? हॉर्न. प्लेटच्या मागे, हॉर्नच्या बाजूला टोकदार झालं? मग फेजचं चिन्ह उलटं पडलंय. विद्युत अभियंते कालाचा घटक एका चिन्हाने लिहितात, भौतिकशास्त्राची पुस्तकं दुसऱ्या. एका पुस्तकातलं सूत्र आणि दुसऱ्याचा कोड घेतला की बहिर्वक्र भिंगाचं अंतर्वक्र होतं आणि चित्र पुढे जमायच्या ऐवजी मागे आभासी बनतं. (हा निष्कर्ष काढण्याआधी तुमच्या प्रोग्रॅममधलंच चिन्ह बरोबर आहे ना ते बघा: प्लेट काढा, नुसत्या हॉर्नचा स्कॅन घ्या आणि तो मागे नेऊन ठिपका हॉर्नच्याच जागी येतो का पाहा.) आणि कुठल्याच अंतरावर काही जमत नसेल, तर संशयाची सुई पहिल्यांदा प्लेटकडे वळते. त्याआधी एक मोठा संशयित शिल्लक आहे.

मधला उजळ डाग: ध्रुवीकरण

तुमच्या प्लेटवर एकसारख्याच पट्ट्या वेगवेगळ्या कोनांत फिरवलेल्या असतील तर ती पंचरत्नम-बेरी फेजची प्लेट आहे. पट्टी जेवढी फिरवली त्याच्या दुप्पट फेज मिळते, पण फक्त वर्तुळाकार ध्रुवीकरणाला (जिचं विद्युत क्षेत्र पुढे जाताना डावीकडे किंवा उजवीकडे गोल फिरतं अशा लहरीला), आणि तीही उलट हाताने फिरणाऱ्या घटकालाच. आली त्याच हाताने निघालेला भाग फेज न घेता सरळ आरपार जातो. मधला डाग म्हणजे तोच. एका थराच्या पातळ प्लेटमध्ये उपयोगी घटकाला जास्तीत जास्त २५ टक्के ऊर्जा मिळते. त्यामुळे डाग असणारच. तो किती मोठा, एवढाच प्रश्न.

यावर साधा, रेषीय (क्षेत्र एकाच रेषेत हलवणारा) हॉर्न लावला तर आणखी पंचाईत. रेषीय लहर म्हणजे निम्मी डावी, निम्मी उजवी. एका निम्म्यातून 'क' पुढे जमतो, दुसऱ्याची फेज उलट म्हणून त्याचं धुकं होतं. वर प्रोबही रेषीय, म्हणजे तो हे सगळं एकत्रच ऐकतो.

खर्च न करता तपासायचं तर असं: प्रोब आडवा धरून एक स्कॅन, तोच ९० अंश फिरवून उभा धरून दुसरा. दोन्ही फेजसकट. मग पहिल्यात दुसरा ९० अंशांच्या फेजने मिळवा, आणि दुसऱ्यांदा वजा करा. डावं आणि उजवं वेगळं होतं. एकात डाग आणि दुसऱ्यात स्वच्छ अक्षर दिसलं की काम झालं. डावं कोणतं नि उजवं कोणतं यावर वाद घालू नका. अभियंते लहर जाते त्या दिशेने बघून ठरवतात, प्रकाशशास्त्राची बरीच पुस्तकं समोरून. दोन्ही काढा आणि बघा.

एक फुकटची युक्ती: या प्रकारच्या आरपार प्लेटचं चिन्ह उलटं पडलं असेल तर प्लेट पाठपोट फिरवून लावा. मागून पाहिल्यावर प्रत्येक पट्टीचा कोन उलट्या चिन्हाचा होतो, फेजही उलटते, आणि आभासी चित्र पुढे येऊन जमतं. आरशातल्यासारखं दिसेल, पण दिसेल. मागे तांब्याचा पूर्ण थर असलेल्या परावर्तक प्लेटला अर्थातच हे जमत नाही.

डाग कायमचा टाळायचा तर चित्रच मध्यापासून बाजूला डिझाइन करा. गॅबॉर यांनी १९४८ मध्ये होलोग्राफी मांडली तेव्हा हीच डोकेदुखी होती: सरळ गेलेली लहर आणि जुळं चित्र (मूळ चित्राचं उलट फेजचं भावंड) एकमेकांवर पडायचं. १९६२ मध्ये लीथ आणि उपाटनिक्स यांनी संदर्भ लहर तिरकी करून ती सोडवली. लीथ मुळात रडारच्या कामातले, म्हणजे मायक्रोवेव्हवाल्यांचीच ही देणगी.

फक्त दोन फेजच्या, ० आणि १८० अंशांच्या, प्लेटला हे जुळं चित्र नव्याने भेडसावतं. तिथे निम्मी ऊर्जा जुळ्याकडे जाणार हे धरूनच चला.

पट्टे दिसतायत: फॉइल लावलेला पुठ्ठा

प्लेटच्या मापाचा पुठ्ठा घ्या, त्यावर स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा आणि प्लेटच्या जागी लावा. १० गिगाहर्ट्‌झची लहर अ‍ॅल्युमिनियममध्ये एक मायक्रॉनही आत शिरत नाही, त्यामुळे फॉइल भिंतीसारखं काम करतं. आता स्कॅनमध्ये जे काही उरलं ते कडेने वळसा घालून किंवा भिंतीवर आपटून आलेलं. ते तुमच्या 'क'च्या जवळपास ताकदीचं असेल तर पट्टे त्याचेच. पट्टे ३० मिमीच्या आसपास असतील तर लहर अगदी बाजूने येतेय, स्कॅनरची चौकट किंवा कपाट बघा. रुंद असतील तर समोरून थोड्या तिरक्या कोनात, म्हणजे बहुधा प्लेटच्या कडेने.

अ‍ॅब्सॉर्बरच्या (लहर शोषणाऱ्या फोमच्या) तक्त्याला खिडकी कापून प्लेट तिच्यात बसवा, प्रोबच्या मागच्या धातूवर अ‍ॅब्सॉर्बर गुंडाळा. अ‍ॅब्सॉर्बर कमी असेल तर टाइम गेटिंग, म्हणजे उशिरा पोचलेले सिग्नल हिशेबातून कापणं. ८ ते १२ गिगाहर्ट्‌झ स्वीप केलं की ७५ मिमी फरकाचे रस्ते वेगळे ओळखता येतात, ४०१ बिंदू घेतले तर ३० मीटरपर्यंत घोळ होत नाही. गेट फार घट्ट करू नका. कोपऱ्याच्या सेलमधून येणारा रस्ता मधल्यापेक्षा ७०-८० मिमी लांब आहे, तोच कापला गेला तर पट्टे जातील आणि अक्षरही विरेल.

शेवटी प्लेट

स्वीपचा डेटा आता आहेच. ९.४ ते १०.४ पर्यंत प्रत्येक वारंवारतेचं चित्र बघा. ९.७ ला अक्षर सुरेख आणि १० ला धूसर? सब्स्ट्रेटचं (तांब्याखालच्या पाट्याचं) परावैद्युत मूल्य डिझाइनपेक्षा जास्त निघालं. एफआर-४ या साध्या पीसीबी मटेरियलमध्ये हे नेहमीचं: ४.३ धरलेलं मूल्य ४.६ निघालं की अनुनाद तीनेक टक्के खाली येतो. शिवाय त्याचा लॉस टँजंट (ऊर्जा किती खातो त्याचं माप) ०.०२ च्या आसपास, म्हणजे सिग्नल खाणारच. आकार बदलून फेज मिळवणाऱ्या सेलला हे फार बाधतं. फिरवलेल्या पट्ट्यांच्या प्लेटची फेज टिकते, फक्त उजेड कमी होतो. निकाल ९.७ ला देता येत असेल तर द्या. नाही तर पुढची प्लेट रॉजर्स किंवा एफ-४-बी या कमी लॉसच्या मटेरियलवर.

पिन डायोडची, बदलती (डायोड चालू-बंद करून चित्र बदलता येणारी) प्लेट असेल तर आधी मल्टिमीटर. इकडेतिकडे विखुरलेले चार-सहा मेलेले डायोड चित्र मारत नाहीत, पार्श्वभूमी थोडी उजळते इतकंच. एक अख्खी ओळ अडकली तर मात्र चित्रात आडवी किंवा उभी रेघ येते. ती बहुधा बायस लाइन किंवा ड्रायव्हर आयसीची.

इथे थांबा

व्हीएनएचं कॅलिब्रेशन लागतच नसेल, किंवा एक पोर्ट सतत काही डीबी कमी दाखवत असेल, तर उघडू नका. पुढचा भाग स्थिर विजेने जातो आणि दुरुस्तीचा खर्च तुमच्या प्रोजेक्टच्या कितीतरी पट असतो. सेवा अभियंत्याला बोलवा. व्हीएनएचा मिलिवॉट निरुपद्रवी आहे, पण हॉर्नमागे काही वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लावायची वेळ आली तर जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय चालू करू नका, आणि चालू असताना हॉर्नच्या तोंडासमोर उभे राहू नका. डायोड बदलायला हॉट एअर गन स्वतः फिरवू नका, एसएमडी (बोर्डावरचे बारीक भाग) सोल्डर करणाऱ्याकडे द्या. चाकूने तांबं खरवडून सेल 'सुधारणं' तर अजिबात नको. पन्नास मायक्रॉनचा फरक तुमच्या डोळ्याला दिसणार नाही, लहरीला दिसेल.

सगळं बघून झालं, फेजसकट स्कॅन कुठल्याच अंतरावर आणि कुठल्याच वारंवारतेवर जमत नाही, डावं-उजवं वेगळं करूनही नाही, तर घरगुती उपाय संपले. प्लेट प्रतिध्वनीमुक्त कक्षात (जिथे भिंतींवरून लहर परत येत नाही) मोजून घ्यावी लागेल. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारातलं 'समीर' हे मायक्रोवेव्हचंच काम करणारं सरकारी केंद्र आहे, मोठ्या अभियांत्रिकी संस्थांकडेही असे कक्ष असतात. जाताना नुसती प्लेट आणि मोबाइलवरचे फोटो नेऊ नका. गर्बर फाइल, सेलनिहाय फेजचा तक्ता, कच्चा स्कॅन रिअल-इमॅजिनरी आकड्यांत, आणि हॉर्न-प्लेट-प्रोबमधली मिलिमीटरमधली अंतरं लिहिलेला हाती काढलेला नकाशा सोबत असू द्या. तिथला माणूस पहिल्यांदा तो नकाशाच मागेल.